दुमडीतलं लेबल

पत्र कापायच्या टेबलावर होतं. पंख्याने उडू नये म्हणून भाऊंच्या मुलाने, इंचीने त्यावर मोठी कात्री ठेवली होती आणि त्यामुळे नेमका महत्त्वाचा मजकूर झाकला गेला होता. अर्थात तो वाचायची आता कुणाला गरज उरली नव्हती. सकाळपासून भाऊंनी तो चारदा मोठ्याने वाचला होता, दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त रागाने, जणू पाचव्यांदा वाचला की तो घाबरून बदलेल.

नगर कार्यालयाचं म्हणणं साधं होतं. गेल्या शुक्रवारी सभागृहाच्या पायऱ्यांवर चार जणांनी एक फलक धरला होता. तो जप्त केल्यावर त्याच्या खालच्या दुमडीत या दुकानाचं लेबल शिवलेलं आढळलं. फलक दुकानाने बनवला असल्यास मालकाने आज दुपारी तीनच्या आत समक्ष येऊन तो ओळखावा. बनवला नसल्यास तसं लिहून द्यावं.

त्या चौघांत भाऊंची पुतणी, धाकटी होती हे पत्रात नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती, कारण वर्तमानपत्रातल्या फोटोत तिचं नाक स्पष्ट दिसत होतं आणि ते नाक या घराण्याचंच होतं.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. सहाही मशीनं गप्प होती. आत्या मात्र आपल्या मशीनवर बसून होती, कारण दुसरीकडे कुठे बसून बोलायची तिला सवयच नव्हती. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या हाताखालून दुकानांची छतं, इस्पितळांचे पडदे, ट्रकांच्या ताडपत्र्या, होड्यांची आवरणं असं काय काय गेलं होतं. लग्न राहून गेलं ते त्या धबडग्यात, असं ती स्वतःच हसत सांगायची. आज ती हसत नव्हती.

"ताई, अगं लावलंसच कशाला?" भाऊंनी विचारलं. तीन दिवसांत हा प्रश्न त्यांनी कितव्यांदा विचारला कोण जाणे.

"लावायचं म्हणून नाही लावलं. काठ संपला, हात डब्यात गेला, लेबल निघालं, चार कोपरे चार टाके. झालं."

"बघितलं नाहीस?"

"श्वास घेताना बघतोस का तू?"

भाऊंनी कपाळाला हात लावला. आत्याला त्यांची दया आली. हा भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता. थोरला भाऊ गेल्यापासून, म्हणजे वहिनी पदरात आठ वर्षांची धाकटी घेऊन याच टेबलाशी उभ्या राहिल्या तेव्हापासून, दुकानाचं ओझं याच्या एकट्याच्या मानेवर होतं. नगर कार्यालयाचे पडदे, गाड्यांची आवरणं, बागेतल्या बाकांवरची छतं हे सगळं काम बावीस वर्षं या दुकानाकडे होतं. ते गेलं तर निम्मी मशीनं अशीच गप्प राहतील हे तिला कळत होतं. पण तिला दुसरंही एक कळत होतं, आणि ते भाऊला कसं सांगावं हे मात्र कळत नव्हतं.

भाऊंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "मी उत्तर लिहिलंय. ऐका. 'आमची जुनी लेबलं अधूनमधून कचऱ्यात जातात. त्यातलं एखादं कुणी उचलून त्याचा गैरवापर केला असावा. सदर फलकाशी आमचा काही संबंध नाही.' एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणावर आळ नाही."

"लेबल उचलता येईल," आत्या म्हणाली. "टीप कोण उचलणार? दुहेरी टीप आहे, इंचात बारा टाके. अशी टीप या शहरात आणखी कोण घालतं ते दाखव मला."

"त्या कारकुनाला टाके मोजता येत नाहीत, ताई."

"मला येतात ना."

भाऊंच्या मागे भिंतीवर त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा फोटो होता, आणि आप्पांनी हे दुकान काढलं तेव्हा नियम एकच केला होता. ज्याच्यावर आपलं लेबल लावायची लाज वाटेल ते काम दुकानातून बाहेर जाऊ द्यायचं नाही. गोदाम जळालं त्या वर्षीसुद्धा हा नियम मोडला नव्हता. आज भाऊ फोटोकडे पाठ करून बसले होते. ते चुकून झालं नव्हतं.

"काका बरोबर लिहितायत, आत्या," धाकटी म्हणाली. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, निघायच्या तयारीतल्या पाहुण्यासारखी. "लिहू दे त्यांना. यात तुमचा कुणाचा काही संबंध नव्हता. मी फलकाची पिशवी इथे ठेवली हीच चूक झाली. माझं मी बघते."

"बघ," इंची छताकडे पाहत म्हणाला. "नेहमीसारखं एकटीनं बघ."

त्या दोघांचं एकोणीस दिवस बोलणं नव्हतं. त्यामुळे तो जे बोलला ते छताला उद्देशून होतं असं समजून धाकटीनेही उत्तर दिलं नाही.

*

इंचीला हे नाव शाळेत पडलं. तो मोजल्याशिवाय काहीच करत नसे, भांडणसुद्धा. एकोणीस दिवसांपूर्वी तो धाकटीला म्हणाला होता, "तुझ्या त्या साहेबापायी माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढशील तू." ते त्याने मोजून म्हटलं नव्हतं, म्हणून तेव्हापासून ते त्याला बोचत होतं.

साहेब म्हणजे पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतले मोठे केमिस्ट. धाकटी त्यांच्या हाताखाली नमुने तपासायची. खालच्या वस्तीतलं पाणी पिण्यालायक नाही असं त्यांनी वर सातदा लिहून कळवलं. आठव्यांदा त्यांनी ते भर सभेत, माईकवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवण्यात आलं. आदेशात पाण्याचा उल्लेखच नव्हता. 'परवानगीशिवाय जाहीर बोलल्याबद्दल' एवढंच कारण होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, धाकटी आणि तिघं जण पायऱ्यांवर तासभर उभे राहत. घोषणा नाहीत, रस्ता अडवणं नाही. आधी हातात पुठ्ठे असायचे. गेल्या खेपेला पहिल्यांदा कापडी फलक होता.

इंची काल दुपारी गाडी दुरुस्तीला टाकतो म्हणून गेला होता. गाडीला काही झालं नव्हतं.

"बाबा, उत्तर द्यायच्या आधी एक ऐका," तो म्हणाला. "मी काल वकीलबाईंकडे जाऊन आलो."

धाकटीने चमकून पाहिलं. "तू?"

"मी बाबांशी बोलतोय," इंची म्हणाला. "बाबा, पायऱ्यांवर दिवसा उभं राहायला बंदी नाही. काही म्हणायलाही बंदी नाही. बंदी आहे ती निनावी फलकाला. ज्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही त्याला. चौघांवर कलम लावलंय ते हे एवढंच. दुसरं काही सापडलंच नाही त्यांना."

"मग?"

"मग काय? दुमडीत लेबल आहे. लेबल आपलं म्हटलं की फलक निनावी नाही, आणि फलक निनावी नाही म्हटल्यावर खटला कशाचा? चौघं सुटतात." त्याने बोटाने वडिलांच्या हातातला कागद दाखवला. "आणि तुम्ही हे लिहून दिलंत, की लेबल कचऱ्यातलं, तर फलक निनावी ठरतो. तुमच्याच सहीने. गुन्हा नोंदला की पाणीखातं हिला त्याच दिवशी घरी बसवणार. नियमच आहे तसा."

पंख्याखाली पत्राचा एक कोपरा फडफडत राहिला. भाऊंनी आपल्या कागदाकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच कुणी लिहिला होता.

"तुला माहीत होतं हे?" वहिनींनी लेकीला विचारलं.

"परवापासून."

"आणि तू म्हणतेस काका बरोबर लिहितायत?"

"मग काय म्हणू, आई? माझी नोकरी वाचवा आणि तुमचं दुकान बुडवा, असं म्हणू? काकांनी मला शिकवलं. याच टेबलावर माझ्या परीक्षांचे अभ्यास झाले. यांच्याकडे आणखी किती मागायचं?" तिचा आवाज फुटला. तो सावरायला तिने उगाच शटरच्या कडीशी चाळा केला.

*

वहिनी कमी बोलत. नवरा गेल्यानंतरची सगळी वर्षं त्या या दुकानात कात्रीवर काम करत होत्या आणि जे काही म्हणायचं ते कात्रीने म्हणत. सरळ कापलं म्हणजे मन शांत आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात त्यांच्या हातून एक अख्खा पडदा तिरका कापला गेला होता आणि कुणी त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. हे उपकार त्या विसरल्या नव्हत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मला एक सांगायचंय. अक्षरं मी कापली."

"कसली अक्षरं?"

"फलकावरची. मंगळवारी मशीनच्या खाली पिशवी दिसली. उघडून बघितली. आत कापड होतं आणि कागदावर मजकूर. हिने खडूने अक्षरं आखली होती, एक डोंगरावर आणि एक दरीत. वाटलं, लोक हसतील पोरीला. निळ्या कापडाची अक्षरं कापली, टाचण्या लावल्या आणि पिशवी होती तशी ठेवून दिली."

आत्याने मशीनवरून मान वर केली. "तुम्ही कापलीत? अहो, मला वाटलं हिनेच कापली. मी मनात म्हटलं, एवढी सुधारली कधी पोरगी? तशीच शिवून टाकली मी ती."

"माझ्या कापण्यात आणि हिच्या कापण्यात फरक दिसला नाही तुम्हाला, ताई?"

"दिसला ना. पण शाबासकी हिलाच देऊन बसले होते."

वहिनी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांनाच ते जरा अवघडल्यासारखं झालं. मग त्या पुढे म्हणाल्या, "मी कधी पायऱ्यांवर गेले नाही. माझी हिंमतच होत नाही गर्दीसमोर उभं राहायची. पण ती अक्षरं कापताना मला बरं वाटत होतं. एवढंच सांगायचं होतं. आता उत्तर काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही जे लिहाल ते मला मान्य आहे. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, त्यावर मी आज अट घालणार नाही."

भाऊंना ही अट नसण्याची अट फार जड गेली असावी. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, त्यात पाहिलं आणि न पिताच खाली ठेवला.

"रिंगा माझ्या," इंची छताला म्हणाला.

"काय?" भाऊंनी विचारलं.

"फलकाच्या वरच्या काठाला पितळी रिंगा आहेत. सोळा. हातभर अंतरावर एक. बुधवारी मी दोरी शोधत होतो तेव्हा पिशवी हाताला लागली. काठ नुसताच होता. नुसत्या काठाला दोरी बांधली की पहिल्याच वाऱ्यात कापड फाटतं. ते काही मला बघवलं नाही."

"तू तर म्हणाला होतास, मी बुडवणार सगळ्यांना," धाकटी म्हणाली. एकोणीस दिवसांनंतर ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं अख्खं वाक्य.

"बुडवशीलच," इंची म्हणाला. "पण फाटक्या कापडानं बुडवू नकोस."

*

सोमवारी धाकटीने ती पिशवी आत्याच्या मशीनखाली सारली होती ती लपवायला. घरी ठेवली असती तर आईला काळजी लागली असती. गुरुवारी पिशवी उचलली तेव्हा ती चांगलीच जड लागली. उघडली तर वर तिचं वेडंवाकडं काम नव्हतंच, भलताच देखणा फलक होता. शिवण ओळखून तिला वाटलं होतं, हे सगळं आत्याचं. पायऱ्यांवर उभं असताना वारा आला, शेजारच्याच्या हातातला पुठ्ठा उडाला, पण फलक जागचा हलला नाही. तेव्हा तिने मनातल्या मनात आत्याला हात जोडले होते.

आणि आता कळत होतं की ती तिथे एकटी नव्हतीच. शुक्रवारचा तो तास तिला आयुष्यातला सगळ्यात एकटा तास वाटला होता. सहकाऱ्यांनी ओळख दाखवली नव्हती, बसमधून उतरलेल्या मैत्रिणीने रस्ता बदलला होता. आणि तिच्या मुठीत होती ती इंचीची रिंग, छातीवर आईची अक्षरं आणि पायाशी आत्याची दुमड. तिला इतकं भरून आलं की दोन थेंब गालांवरून घरंगळले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"मी तुमची कुणाची नावं सांगणार नाही," ती म्हणाली. "पण मला जन्मभर पुरेल एवढं मिळालं. खरंच सांगते."

"ते राहू दे," आत्या म्हणाली. कौतुक झालं की ती लगेच कामाचं बोलायची. "मला एक सांग. कापड कुठून आणलंस तू?"

"बाजारातून. पातळ होतं, पडद्याच्या आतल्या बाजूला लावतात तसं. तेवढंच परवडलं."

"पातळ? मी शिवलं ते पातळ नव्हतं. सुई बदलावी लागली मला. ते आपलं मागच्या खोलीतल्या फळीवरचं जाड कापड होतं, छतांचं. मला वाटलं, तू न विचारता घेतलंस आणि मी कानाडोळा केला."

"मी नाही घेतलं, आत्या. मागच्या खोलीची किल्ली कुठे आहे माझ्याकडे?"

"मलाही ते जाडच मिळालं," वहिनी म्हणाल्या. "तुझं पातळ कापड, खडूच्या अक्षरांचं, खाली होतं, घडी करून. मला वाटलं, ते तू सरावाला आणलंस."

इंचीने हिशेब करावा तसं बोटांवर मोजलं. किल्ली त्याच्याकडे नव्हती. आत्याकडे नव्हती. वहिनींकडे नव्हती. मग चौघांनीही एकाच वेळी मान वळवली.

भाऊ उठून चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

"बाबा," इंची म्हणाला.

"सोमवारी दुकान बंद करताना पाय अडकला पिशवीत," भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "उचलली. हाताला कापड लागलं. ते काय कापड होतं? चाळणी. चार माणसं धरून उभी राहणार, वारा येणार आणि भर चौकात फाटणार. मजकूर मी वाचला नाही."

"काका, मजकूर वरच होता."

"वाचला नाही म्हणतो ना," भाऊ म्हणाले. आणि जरा वेळाने, हळू आवाजात, "एकदाच वाचला."

मग आत्या हसायला लागली. ती हसायला लागली की सगळं अंग हलायचं आणि मशीनचं चाक त्याबरोबर थोडं थोडं फिरायचं. तिला बघून वहिनी हसल्या, इंची हसला, आणि धाकटी रडता रडता हसली. भाऊंनी या सगळ्यांकडे बराच राग आणायचा प्रयत्न करत पाहिलं आणि हातातला कागद टेबलाखालच्या कातरणांच्या पोत्यात टाकला.

"हसताय काय? अडीच वाजलेत," ते म्हणाले. "शटर ओढा. सगळेच चला. माझ्या एकट्याला ते ओळखता येणार नाही, सगळ्यांनी हात लावलाय त्याला."

*

नगर कार्यालयाचे जिने भाऊ बावीस वर्षं चढत होते. प्रत्येक खिडकीचा पडदा त्यांच्या ओळखीचा होता. आज मात्र मागून येणाऱ्या चार जोड्या पावलांचा आवाज नसता तर ते पहिल्या मजल्यावरूनच परतले असते हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

चौकशी अधिकारी तसा भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली. "भाऊ, तुमच्यासारख्या माणसाला इथे बोलवावं लागलं, वाईट वाटतं. दोन ओळी लिहून द्या, लेबल तुमचं नाही म्हणून, आणि मोकळे व्हा. पडद्यांचं काम पुढच्या महिन्यात पुन्हा निघणार आहे. विचार करा."

"विचार करूनच आलोय," भाऊ म्हणाले. "फलक दाखवा. बघितल्याशिवाय ओळखू कसा?"

जावक विभागातल्या बाई कपाटातून फलक घेऊन आल्या. तो ज्या तऱ्हेने बोळा करून कोंबला होता ते बघून आत्याच्या तोंडून नकळत 'अरेरे' निघालं. टेबलावर तो मावेना. खोलीत उलगडावा तर कपाटं आडवी. शेवटी अधिकारीच वैतागून म्हणाला, "बाहेर व्हरांड्यात नेऊन उघडा."

व्हरांड्यात दाखल्यांची रांग होती. चाळीसेक माणसं भिंतीला टेकून कंटाळली होती. इंचीने एक टोक धरलं, वहिनींनी दुसरं, आणि सवयीने दोघं एकमेकांपासून मागे मागे सरत गेले. मधलं कापड झोळ खाऊ लागलं तेव्हा जावकच्या बाईंनी पुढे होऊन वरचा काठ धरला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फलक व्हरांडाभर ताठ उभा राहिला आणि रांगेतल्या माना वळल्या.

आत्याने दुमड उलटून लेबल दाखवलं. "माझं आहे. टाके मोजा हवे तर."

"टाके नकोत," अधिकारी म्हणाला. त्याने नोंदवही उघडली. "बनवणाऱ्याचं नाव?"

"पाच आहेत," भाऊ म्हणाले. "कापड माझं. कापणी वहिनींची. शिवण ताईची. रिंगा मुलाच्या." त्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं. "आणि म्हणणं हिचं. दुकान आमचं. लिहा."

अधिकाऱ्याने लेखणी थांबवली, भाऊंकडे पाहिलं आणि लिहिलं. "म्हणजे निनावी नाही."

"नाही."

"मग कलम लागत नाही," तो जवळजवळ स्वतःशीच म्हणाला. त्याचा चेहरा पडला की सैलावला हे भाऊंना नीट कळलं नाही. "एक राहिलं. मजकूर ओळखून वाचून दाखवावा लागतो. तशी पद्धत आहे."

भाऊंनी आयुष्यात चार माणसांसमोर कधी भाषण केलं नव्हतं. थोरल्याच्या मरणाच्या दिवशी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते तेव्हाही त्यांना दोन शब्द जमले नव्हते. ते घसा साफ करून पुटपुटल्यासारखं काहीतरी वाचून गेले.

"ऐकू नाही आलं," अधिकारी म्हणाला. "मोठ्याने. नोंदीत घ्यायचंय."

भाऊंनी धाकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा रडून सुजला होता आणि त्यावर एवढी कृतज्ञता होती की त्यांना ती सोसवेना. त्यांना वाटलं, हिने खरं तर आपले आभार मानायला नकोत. आपण हिचे मानले पाहिजेत. आपल्या घरात बोलणारं माणूस जन्माला आलं आणि आपण त्याला बाजारातल्या पातळ कापडावर सोडलं नाही, एवढं तरी आपल्या हातून झालं.

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"पाणी तपासणाऱ्याला बोलू द्या. त्याला परत कामावर घ्या."

रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणाले ते?"

जावकच्या बाईंनी फलकाचा काठ न सोडता मान वळवली. "पाणी तपासणाऱ्याला बोलू द्या म्हणाले," त्या म्हणाल्या. "आमच्या खालच्या वस्तीतलं पाणी." पुढच्याने ते मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. म्हाताऱ्यापर्यंत पोचलं तेव्हा त्याने नुसती मान डोलावली आणि रांगेतली जागा सोडून वाचायला पुढे आला.

अधिकाऱ्याने सही घेतली. "घेऊन जा तुमचा फलक," तो म्हणाला. पडद्यांच्या कामाबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही, आणि भाऊंनीही विचारलं नाही.

इंची आणि वहिनी एकमेकांकडे चालत आले. टोकाला टोक लागलं. तेवढ्यात इंचीने घाईत काठ तिरका दुमडला आणि भाऊंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"नीट घाल घडी," ते म्हणाले. "शुक्रवारी लागणार आहे."